चारशे बारा हिरवे ठिपके

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला शांतीबाईंनी केळीचं एक पान आणून माझ्या टेबलावर ठेवलं. पान कडेनं करपलेलं होतं आणि मधल्या दांड्यावर मोडलं होतं. मी विचारलं, "पाण्याची बारी नाही आली का?"

"दोन बाऱ्या गयात, नवनीतभाई. बारा दिन व्हयनात. मालक व्हतात तवय एक बारी कधी चुकनी नई. ते गयात आनि त्यासना मांगे पानीबी गयं."

शांतीबाईंचे पती दगा पाटील माघात वारले. दोन एकर केळी घडावर आलेली, आणि मार्चचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मी त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत.

आमची पाणीवापर संस्था तापीच्या काठावर, सारंगखेड्याच्या अलीकडे आहे. नदीचं पाणी पंपानं वर उचलायचं आणि सभासदांना ठरलेल्या बारीनं द्यायचं, एवढंच तिचं काम. पूर्वी बाऱ्या वहीत लिहीत आणि वहीवरून डोकी फुटत. दहा वर्षांपूर्वी मी शहाद्याच्या कॉलेजात संगणक शिकवत असताना बाऱ्या लावणारा एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव 'बारी' ठेवलं. मग त्याला दोन भावंडं झाली. 'निरोप' शेतकऱ्याच्या मोबाईलवर संदेश पाठवतो आणि 'फळा' पंपघरातल्या पडद्यावर बाऱ्या दाखवतो. तिन्ही खुले ठेवले. कोणीही घ्यावेत, वापरावेत, सुधारून परत पाठवावेत. खापरच्या संस्थेनं घेतले, आणखी कुठं कुठं गेले. जगभरातून सुधारणा येतात आणि त्या तपासायला मी एकटा. पगार नाही, सुट्टी नाही. खरं सांगायचं तर मी थकलो आहे, आणि हे वाक्य मी तीन वर्षांपासून म्हणतो आहे.

हा डोलारा उभा आहे तो चाचण्यांवर. कोणी कुठंही एक ओळ बदलली की एक यंत्र आपोआप तिन्ही प्रोग्राम एकत्र जोडतं आणि चारशे बारा चाचण्या घेतं. प्रत्येकीपुढे ठिपका उमटतो. एकही लाल आला तर तो बदल आत जात नाही. सगळे हिरवे आले तर जातो.

सभासद वारला तर त्याची बारी वारसाला मिळाली पाहिजे, या नियमासाठी तर मी पहिल्याच वर्षी चाचणी लिहिली होती. मी संगणक उघडला. दगा पाटलांपुढे दोन आठवड्यांपूर्वी 'मयत' लागलेलं होतं, वारस शांतीबाई, सगळं रीतसर. पण बारी दगांच्या नावावर नव्हती आणि शांतीबाईंच्या नावावरही नव्हती. ती कुठंच नव्हती.

मग मी ती चाचणी शोधली. ती आपल्या जागी होती, आणि तिच्यापुढचा ठिपका हिरवागार होता.

२

तासाभरात गाव जमलं. संस्थेचे अध्यक्ष जालमसिंगबापू. माणूस सरळ, पण आवाज मोठा. ते सरळपणानं बोलले तरी समोरच्याला दम भरल्यासारखा वाटतो.

"कोन्ही करं हाई?" त्यांनी विचारलं.

उत्तर भावेशनं दिलं. भावेश 'निरोप' सांभाळतो, दामिनी 'बारी'. पोरगा हुशार आहे, पण दुसऱ्याची चूक सापडली की त्याचा चेहरा उजळतो. "बापू, बारीच्या त्या भागात शेवटचा बदल दामिनीचा आहे. सत्तावीस फेब्रुवारीचा. तिच्या बदलानं वारसाची बारी गळते, मी स्वतः करून पाहिलं. आता प्रश्न असा, की चाचणीनं तो अडवला कसा नाही? बदल अडकत होता म्हणून तिनं चाचणीच ढिली केली असणार."

"म्हंजे लबाडी," बापू म्हणाले.

"मी लबाडी म्हटलं नाही," भावेश म्हणाला. पण त्याला तेच म्हणायचं होतं.

बापू माझ्याकडे वळले. "उद्या चारला बैठक. चूक माणूसकडथीन व्हस, ती मी पोटात घालसू. पन लबाडी व्हई तर पोरनं नाव तिन्हीकडथीन काढा. आनि का काढं ते लिखीसन काढा."

हे बापूंना वाटलं त्याहून फार मोठं होतं. खुल्या प्रकल्पांत माणसाकडे दाखवायला असतं ते फक्त नाव. दामिनीनं चार वर्षं, घरच्या उसाच्या आणि स्थळांच्या गडबडीतून, 'बारी' सांभाळली होती. चाचणी मारून बदल घुसवला, असं एकदा जाहीर लिहिलं गेलं तर जगात कुठंही तिच्या हाती कोणी प्रोग्राम देणार नव्हतं.

मी तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. डोळे कोरडे होते, पण आवाज बसलेला.

"नवनीतभाई, चूक माझी आहे. एका सभासदाला दोन मुलं, दोघांना अर्धी अर्धी बारी पाहिजे होती. ते बसवताना एकच वारस असेल तर काय, ती वाट माझ्याकडून तुटली. सकाळपासून ती ओळ डोळ्यांपुढून जात नाही. पण मी चाचणीला हात लावलेला नाही. चारशे बारा हिरवे आले म्हणून जोडलं."

"कोण मानेल?"

"तुम्ही मानता का?"

मी लगेच हो म्हणालो नाही, याची मला आजही लाज वाटते. मी चाचणीचा इतिहास उघडला. कुठल्या ओळीला कोणी, कधी हात लावला, हे सगळं त्यात असतं. वारसाच्या चाचणीला शेवटचा हात सहा वर्षांपूर्वीचा होता. आणि तो माझा होता.

म्हणजे दामिनीनं चाचणी बदलली नव्हती. कोणीच बदलली नव्हती. ती बंदही नव्हती, रोज धावत होती. कुलूप शाबूत, कडी शाबूत, आणि तरी चोर आत येऊन गेला होता.

३

भावेशला मी त्याच्या खोलीत गाठलं. तो अजून तोऱ्यात होता.

"तू गेल्या वर्षी म्हणाला होतास, चाचण्यांना फार वेळ लागतो, काही काढून टाका," मी म्हणालो.

"म्हणालो होतो. तुम्ही नाही म्हणालात, विषय संपला. चोरून काढायला मी काय खुळा आहे? आणि आता त्याची गरजही नाही. मी वेग वाढवला ना."

"कधी?"

"तुम्हाला माहीतच नाही?" त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "फेब्रुवारीत. 'निरोप'मधला संदेश पाठवायचा भाग सुधारला. तेव्हापासून सगळी फेरी चाळीस सेकंद आधी संपते. गटावर टाकलं होतं मी. कोणी अंगठासुद्धा दिला नाही."

त्यानं आलेख दाखवला. सहा मिनिटांवर चाललेली रेघ एका दिवशी पायरी उतरावी तशी खाली आली होती आणि मग तशीच राहिली होती. तारीख दहा फेब्रुवारी.

"तुझी सुधारणा कोणत्या तारखेची?"

"आठ. नाही, नऊ." तो थांबला. त्यानं पुन्हा पाहिलं. "अकरा."

अकराच्या सुधारणेनं दहा तारखेला वेळ वाचत नाही. मी तिन्ही प्रोग्रामांचा वेळ वेगवेगळा काढायला लावला. 'निरोप'ला पूर्वीइतकाच वेळ लागत होता. चाळीस सेकंद वाचले होते ते 'बारी'त. आणि 'बारी'त इतकी सावकाश चाचणी एकच, वारसाची. एक माणूस मेला असं धरून ती पुढच्या अख्ख्या वर्षाच्या बाऱ्या लावून बघते.

भावेशचा चेहरा उतरला. दामिनीवर घेतलेला आळ मागे घ्यावा लागणार म्हणून नव्हे, वेग त्याचा नव्हता म्हणून. मला त्याची दया आली. आमच्या कामात कौतुक एवढं महाग असतं, की चुकून मिळालेलंही माणूस जपून ठेवतो.

पण एक गोष्ट स्पष्ट झाली. चाचणी मेली होती दहा फेब्रुवारीला. दामिनीनं तिचा बदल लिहायला घेतला तो वीसनंतर. आपल्याला उद्या काय अडवणार हे ठाऊक नसताना कोणी आज त्याचा काटा काढत नाही.

बापूंना फोन केला. ते म्हणाले, "दहा तारीखले कोन्ही मारी, ते सांगा. तारीख सांगीसन पोर सुटाव नई."

४

पंपघर नदीच्या वरच्या अंगाला आहे. तिथं दोधू असतो. पंप चालवणं, झडपा फिरवणं, आलेल्याला चहा पाजणं, सगळं तोच. मला पाहून त्यानं नेहमीचं विचारलं, "काय नवनीतभाई, जित्ता शे का नई दखाले उनात?"

'जिवंत आहे का बघायला आलात' हा आमचा दहा वर्षांचा जुना विनोद. दर वेळी मी हसतो. त्या दिवशीही हसलो.

दोधू वाळला होता. संक्रांतीनंतर त्याला छातीत कळ आली, सुरतेला नेऊन नळीत जाळी बसवली. पंधरा दिवसांत परत कामावर. भिंतीवर 'फळा'चा मोठा पडदा होता. वर आजच्या बाऱ्या आणि खाली चाचण्यांच्या ओळी सरकत होत्या. चाचण्या पंपघरात दाखवायचं खूळ माझंच. लोकांचा संगणकावर भरवसा नव्हता, म्हणून म्हटलं, त्याची परीक्षा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे. चाचण्यांची नावं आणि निकालही म्हणूनच मराठीत ठेवले. बाहेरचे मदतनीस कुरकुरले, पण मी ऐकलं नाही.

दोधूची बायको भिकुबाई पडद्याखालच्या बाकावर बसून डबा सोडत होती. साडेबारा वाजले होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा. मलाही अर्धी दिली.

"फेब्रुवारीत इथं कोणी बाहेरचं आलं होतं का? कोणी संगणकाशी काही केलं?" मी विचारलं.

"आठे कोन येस? मी आनि हाई," दोधू म्हणाला. "हाईबी मझार येत नव्हती. दवाखानाथीन उनू तवयपाशी डबा बाहेर लिमडाखाले. मी म्हनू, बाई, मझार पंखा शे, मझार बठ. नई. ऊन लागे तरी बाहेर. आते महिनाभर व्हयना, मझार बठस."

"का हो भिकुबाई?" मी सहज विचारलं.

"तठे मुंग्या व्हयन्यात," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात ठेचा वाढला. मी मागितला नव्हता.

मी ते तिथंच सोडलं. माझं डोकं चाळीस सेकंदांत अडकलं होतं. जेवण होता होता खापरहून गोपालचा फोन आला, आणि त्यानं पहिल्याच वाक्यात माझी भूक मारली.

५

गोपाल खापरच्या संस्थेत आमचेच तिन्ही प्रोग्राम चालवतो. "सर, ती वारसाची चाचणी," तो म्हणाला. "गटावर वाचलं. आमच्याकडे ती लाल आहे."

"कधीपासून?"

"सत्तावीस फेब्रुवारीपासून."

"तीन आठवडे! आणि तू मला आज सांगतोस?"

"सर, लाल तर रोजच काही ना काही असतं. कधी नेट जातं, कधी लाईट. त्यातून होळीचा आठवडा. आमचं अर्धं ऑफिस होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात, उरलेलं काठी गावच्या होळीला. परत आलो तर पन्नास लाल साचलेले. मी सगळे एकदम 'पाहिले' करून टाकले." तो थोडा थांबला. "थकायला होतं, सर."

मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण ते शेवटचं वाक्य माझंच होतं, मग ओरडणार कसा? मी फोन ठेवला आणि लिंबाखाली जाऊन बसलो.

प्रोग्राम एकच. चाचणी एकच, अक्षरन् अक्षर तीच. दामिनीच्या चुकीवर खापरला ती लाल होते आणि आमच्याकडे हिरवी. मग दोन ठिकाणी वेगळं काय आहे?

एकच गोष्ट वेगळी होती. नमुन्याची यादी.

चाचणीला माणसं लागतात. खऱ्या सभासदांवर प्रयोग करता येत नाहीत, म्हणून पन्नासेक नमुन्याच्या सभासदांची एक यादी असते. खापरची त्यांची, आमची आमची. आमची यादी तिन्ही प्रोग्राम वापरतात, म्हणून ती तिघांच्याही बाहेर, चौथ्या जागी ठेवलेली. तिच्यात प्रोग्राम नाही, नुसती नावं. तिला कोणी प्रकल्प मानत नाही आणि तिचा इतिहास कोणी उघडत नाही. मीही उघडला नव्हता.

वारसाची चाचणी म्हणते, यादीतला प्रत्येक मयत सभासद घे आणि त्याची बारी वारसाला गेली का बघ. आमच्या यादीत मयत एकच होता. तोही नसेल तर? चाचणी यादी चाळणार, कोणी मयत सापडणार नाही, तपासायचं काहीच नाही म्हणून क्षणात हिरवा ठिपका देऊन मोकळी. ज्या वर्गात एकही मूल नाही, तिथं नापास कोण होणार?

आणि तो एकटा मयत कोण होता, हे मला यादी न उघडताच आठवलं.

दहा वर्षांपूर्वी पंपघरात बसून मी यादी लिहीत होतो. खोटी नावं सुचेनात, म्हणून गावातलीच घातली. मयत कोणाला करायचं, यावर मात्र सगळे मागे सरकले. जित्या माणसाला मेला कोण लिहू देईल? तेव्हा दोधू हसत म्हणाला होता, "मन्हं टाका. मी काय लिखीसन मरस का?" वारस कोण, विचारलं. "हाई, मन्ही भिकु."

तेव्हापासून दर बदलाला, दिवसातून वीस-वीस वेळा, पंपघरातल्या पडद्यावर एक ओळ सरकत होती. 'मयत: दोधू. बारी मिळाली: भिकुबाई. बरोबर.' आणि पुढे हिरवा ठिपका.

मी यादीचा इतिहास उघडला. दहा फेब्रुवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटं. एकच शब्द बदललेला होता. दोधूपुढचं 'मयत' जाऊन 'हयात' आलं होतं. बदल करणाऱ्याच्या जागी 'संस्था कार्यालय' असं होतं. ते खातं कार्यालयातल्या संगणकावरच उघडतं आणि चौघं वापरतात. बापू, भावेश, दामिनी आणि कारकून कामिनी.

त्याखाली मंजुरी देणाऱ्याचं नाव होतं. ते वाचून मी लॅपटॉप मिटला.

६

शनिवारी सकाळी मी कार्यालयात गेलो. भावेश आणि दामिनी घरून काम करतात, आणि भर दुपारी एक वीसला बापूंना झोपेतून उठवायची कोणाची हिंमत नाही. त्या वेळी कार्यालयात एकच माणूस असतं. शिवाय यादीतली नावं नीट लिहिली आहेत का, हे बघायचं काम मीच कामिनीला दिलं होतं.

"पडद्यावरच्या त्या ओळीपायी भिकुबाई किती दिवस रडत होत्या?" मी विचारलं.

कामिनीनं हातातलं पेन खाली ठेवलं. "आठ दिवस. मला एकटीला डबा आणावा लागतो म्हणून भिकुमावशी रोज भाजी पाठवतात. त्या दिवशी स्वतः आल्या. म्हणाल्या, 'बाई, ते सुरतले टेबलवर झोपेल व्हतात तवय मन्हा डोयासमोर ती पाटीच सरके. मयत दोधू, बारी भिकुबाईले, बरोबर. माले नको ती बारी. तेवढं पुसी टाक.' सर, मी पुसलं नाही. पुसलं तर काही बिघडेल असं वाटलं. म्हणून नुसतं हयात केलं. तो माणूस जिवंतच आहे ना?"

"आहे."

"चाचणी रिकामी होईल हे मला माहीत नव्हतं. पण मी चोरून नाही केलं. मी विचारलं होतं."

"माहीत आहे," मी म्हणालो. काल दुपारी मी तेच वाचलं होतं. बदलाखाली तिनं लिहिलं होतं, 'दोधूकाकांना हयात करायचं आहे. चालेल का?' आणि त्याखाली, बारा सेकंदांनी, उत्तर होतं. 'ठीक. नवनीत.'

त्या दिवशी मी शहाद्याच्या स्टँडवर चहाची वाट पाहत असणार. मोबाईलवर अठरा मंजुऱ्या साचलेल्या, सगळ्यांपुढे हिरवं. मी एकामागून एक 'ठीक' लिहीत गेलो. काय मंजूर करतो आहे ते वाचलं असतं, तर दोधूचं नाव मला लगेच दिसलं असतं. ते मीच घातलं होतं. पण मी नाव पाहिलं नाही, ठिपका पाहिला.

"बैठकीत माझं नाव सांगाल?" कामिनीनं विचारलं.

"विचारणाऱ्याचं नाव कशाला सांगू?" मी म्हणालो.

७

चार वाजता पंपघरासमोर सतरंज्या पडल्या. दामिनी एका कडेला बसली होती, वडिलांच्या मागे. बापूंनी मला उभं केलं आणि मी सगळं सांगितलं. चाळीस सेकंद, खापरचे लाल ठिपके, एकट्या मयताची यादी. कार्यालयातून कोणीतरी परवानगी मागितली आणि मी न वाचता दिली, एवढंच म्हणालो.

"दामिनीची चूक झाली, ती तिनं पहिल्या तासात कबूल केली," मी म्हणालो. "चूक पकडायला मी पहारेकरी ठेवला होता, आणि मीच त्याला घरी पाठवला. लबाडी शोधत असाल तर ती माझ्या बारा सेकंदांत आहे. नाव काढायचं तर माझं काढा."

खरं सांगतो, ते म्हणताना मला हलकं वाटलं. काढलंच तर उद्या सकाळी मोबाईलकडे न बघता चहा घेता येईल, असंही मनात येऊन गेलं.

मागून भिकुबाई उठल्या. "नवनीतभाई झाकी ऱ्हायनात. मी सांगं व्हतं पुसाले. लिखनारी पोरनी चूक नई. मन्हा माणूस जित्ता शे आनि रोज वीस डाव मरस, हाई मी कितला दिन दखू?"

दोधूनं मान वळवून बायकोकडे पाहिलं. महिनाभरापूर्वीच्या लिंबाचा अर्थ त्याला तेव्हा लागला असावा. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

बापूंनी भिकुबाईंना हातानं बसायला सांगितलं. मग म्हणाले, "पोरनं नाव कोठेच जात नई. भावेश, तू तिले सगळासमोर सांग." भावेशनं सांगितलं, चांगल्या शब्दांत सांगितलं. "आनि नवनीतभाई, तुम्हनंबी काढतस नई. सुटका पाहिजे व्हई तर नवा माणूस तयार करा, मंग जा."

"एकट्यानं मंजुरी द्यायची नाही," दामिनी पहिल्यांदाच बोलली. "दोघांनी वाचायचं. दुसरी मी. आणि चाचणीला तपासायला कोणीच सापडलं नाही, तर तिनं हिरवं नाही, लाल व्हायचं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मग भावेशनं अडचण काढली. "पण चाचणीला एक मयत तर लागेलच. कोणाचं नाव घालायचं?"

दहा वर्षांपूर्वीसारखेच सगळे थोडे मागे सरकले.

"खोटं टाका कोन्हंबी," बापू म्हणाले.

"खोटं काब्र?" आवाज शांतीबाईंचा होता. त्या करपलेल्या केळीच्या बांधावरून तशाच आल्या होत्या, पाय मातीचे. "मन्हा मालकनं टाका. दगा पाटील. ते तं गयातच शेतस, त्यासले आते काय व्हनार शे? आनि वारस मन्हं नाव लिखा. रोज वीस डाव दखाडू द्या, दगानी बारी शांतीले भेटनी का नई. मंग माले कोन्ही म्हनाव नई, बाई, दोन बाऱ्या चुकन्यात."

दामिनी उठली आणि पंपघरात गेली. मीही मागे गेलो. तिनं यादीत नाव घातलं, मी वाचलं, मग तिनं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. दगा पाटील, मयत. वारस शांतीबाई.

पहिली फेरी लाल आली. ती यायलाच हवी होती, चूक अजून आत होती. पडद्यावर ओळ आली, 'मयत: दगा. बारी मिळाली: कोणालाच नाही. चूक.' दारात उभ्या शांतीबाईंनी ती वाचली आणि मान हलवली. त्यांचं बारा दिवसांचं म्हणणं पहिल्यांदाच कोणीतरी लिहून दाखवलं होतं.

दामिनीनं तुटलेली ओळ जोडली. दुसरी फेरी सुरू झाली. चारशे अकरा ठिपके भराभर हिरवे झाले आणि वारसाची चाचणी अडून बसली. ते चाळीस सेकंद परत आले होते. माझा अंगठा सवयीनं मंजुरीकडे गेला, तो मी मागे घेतला आणि वाट पाहिली.

'मयत: दगा. बारी मिळाली: शांतीबाई. बरोबर.'

"कवय?" शांतीबाईंनी विचारलं.

"आताच," दामिनी म्हणाली. दोधू झडप फिरवायला उठला होता.